बिनखिळ्यांचे टायर

येत्या हिवाळ्यात गाड्यांना कुठले टायर घालायचे ते ठरवायला मुख्य कार्यालयाने तिघांची समिती नेमली आणि तिसरं नाव मार्केताचं टाकलं, तेव्हा मार्केताला मनातून बरं वाटलं होतं. पुढे ही गोष्ट तिने स्वतःशी कितीदा तरी कबूल केली. बरं वाटलं होतं. एकतीस वर्षांनी का होईना, कुणाला तरी वाटलं की हिला विचारावं.

एकतीस वर्षं ती घरोघर जाऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं बघत होती. इन्सुलिन टोचायचं, पायाच्या जखमा धुवायच्या, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवायच्या, आणि उठता उठता कॉफीचा एक कप नाही नाही म्हणत प्यायचा. फिनलंडच्या पूर्व सरहद्दीला लागून असलेला तो मुलूख. मधे कोर्पिला गाव, त्यात एक दुकान, एक पेट्रोलपंप आणि यांचं सेवाकेंद्र. बाकी चहूकडे रान आणि तळी. तळ्याच्या काठाला एखादं घर, पुढचं घर बारा किलोमीटरवर. सगळ्यात वाईट रस्ता हेतावाराचा. डोंगर चढून जायचं आणि पलीकडे तळ्याच्या दिशेने असा काही उतार लागायचा, की उन्हाळ्यातसुद्धा नवखा माणूस ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायचा. मार्केता त्या रस्त्यावर डोळे मिटून गाडी चालवते असं गावात म्हणत. खरं तर डोळे फाडून चालवायची, म्हणून तर धड राहिली होती.

सप्टेंबरात यार्को आला. मुख्य कार्यालय दूर शहरात, तीन तासांच्या रस्त्यावर. तिथे तो गाड्यांचा आणि कामाच्या वाटपाचा प्रमुख होता. अडतीस-चाळिशीचा, हसतमुख, बोलायला गोड. केंद्राच्या गॅरेजमध्ये त्याने भिंतीला तीन टायर टेकवून ठेवले होते. एक खिळ्यांचा, रबरातून लोखंडी टोकं बाहेर आलेली. एक बिनखिळ्यांचा, पण उत्तरेकडच्या थंडीसाठी केलेला. आणि तिसराही बिनखिळ्यांचा, मध्य युरोपातल्या हिवाळ्यासाठीचा. समितीतली दुसरी बाई खरेदी विभागातली होती, ती शहरातूनच लॅपटॉपच्या पडद्यावर बसली होती.

"निवड तुम्हीच करायची हं मार्केता," यार्को म्हणाला. "मी काही लादायला आलेलो नाही."

मार्केता गुडघा सांभाळत खाली वाकली. तिसऱ्या टायरच्या रबरात तिने अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. रुतेना. दुसऱ्यात रुतलं.

"हा चालेल, जमलं तर," दुसऱ्यावर हात ठेवून ती म्हणाली. "आणि हा तिसरा इथला नाहीच. याला काय माहीत आपली थंडी! तिकडे हिवाळा म्हणजे चिखल आणि पाऊस. पण मला विचारशील तर खिळेच घाल. हेतावाराला दुसरं काही नको."

"बिनखिळ्यांच्या दोन्हींवर डोंगराचा आणि हिमफुलाचा शिक्का आहे. हिवाळी टायर म्हणून कायद्याने मान्य."

"शिक्का मारायला काय जातंय रे? शिक्का बघून बर्फ थोडाच पकडून ठेवतो!"

पडद्यावरची बाई हसली. यार्कोही हसला. मग त्याने तक्ते काढले. कोरड्या बर्फावर ब्रेक मारला तर गाडी किती मीटरवर थांबते, ओल्या डांबरावर किती मीटरवर. तिसरा टायर डांबरावर पहिला, बर्फावरही फारसा मागे नव्हता. शिवाय खिळ्यांनी शहरातले रस्ते खरवडले जातात, वसंतात त्याची धूळ लोकांच्या छातीत जाते, गाडीत आवाज इतका की कामाचा फोन ऐकू येत नाही. आणि सगळ्या गाड्यांना एकच टायर असला की सगळंच सोपं, स्वस्तही.

"शहरात मीठ टाकता तुम्ही रस्त्यावर," मार्केता म्हणाली. "आमच्याकडे मीठ फक्त बटाट्यात. तुझ्या तक्त्यात ओला बर्फ कुठाय? थंडी मोडते, पाऊस पडतो आणि बर्फावर पाणी साचतं, ते?"

यार्कोने पान उलटलं. तक्ता होता. त्यात तिसरा टायर सगळ्यात खाली होता, आणि बाकीचे दोन्ही त्याच्यापेक्षा खूप वर होते.

"असे दिवस वर्षातून येतात किती?"

"सात-आठ. पण माणूस मरायला एकच पुरतो."

"अगं, असा दिवस आला तर घरी बसा की! कोण म्हणतं जा म्हणून?"

"आणि इन्सुलिन? ते काय फोनवरून टोचायचं?"

यार्कोने थर्मासमधून कॉफी ओतली, तिच्यापुढे वेलदोड्याचा गोड पाव सरकवला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुडघा कसा आहे आता?"

"आहे तसाच."

"गावातल्या फेरीसाठी तू अर्ज केला होतास ना? तीन वर्षं झाली वाटतं. नोव्हेंबरपासून ती जागा मोकळी होतेय. मी तुझाच विचार करत होतो. आता या वयात तुला हेतावाराला पिटाळायचं म्हणजे आम्हालाच लाज."

सौदा हा शब्द कुणी उच्चारला नाही. मार्केताने चमच्याने कॉफी ढवळली, तिच्यात साखर नसताना. गावातली फेरी म्हणजे सहा किलोमीटरांत अकरा घरं, रस्त्यांवर दिवे, सकाळी पाचला बर्फ ढकलणारा नांगर फिरून गेलेला, वर खडी टाकलेली. संध्याकाळी चारला घरी. गुडघ्याला उशी घेऊन बसता येईल.

"तसं कोरड्या थंडीत चालेल म्हणा," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"तेच तर मी म्हणतोय!"

इतिवृत्तात तिसऱ्या टायरपुढे 'एकमताने' असा शब्द आला. कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी या ओळीवर मार्केताने सही केली.

हेतावाराची फेरी योन्नाला मिळाली. योन्ना एकतीस वर्षांची, म्हणजे मार्केता कामाला लागली त्या वर्षी जन्मलेली. यावरून दोघींची नेहमी थट्टा चाले. दक्षिणेतून दोन वर्षांपूर्वी नवरा आणि लहान मुलीला घेऊन ती माहेरच्या गावी परत आली होती. तिला हे काम मार्केतानेच शिकवलं होतं, रस्त्यांसकट.

कॉफीच्या खोलीत योन्नाने गॅरेजमधल्या नव्या टायरांचा विषय काढला. "माझा नवरा म्हणतो हे टायर पोस्टकार्डावरच्या बर्फासाठी आहेत. काय गं, खरंच चालतील ना हे?"

"तक्ते तर बरे होते," मार्केता बशा विसळत म्हणाली.

"तू सही केलीस ना?"

"केली."

"मग झालं! तू केलीस म्हणजे मला बघायला नको. तो यार्को नुसता उंटावरून शेळ्या हाकतो, पण तुला कोण फसवणार?"

मार्केताने नळ जरा मोठा केला.

ऑक्टोबरच्या शेवटी तिने स्वतःची गाडी काउकोकडे नेली. काउको म्हणजे गावातला टायरवाला, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, शाळेपासूनचा ओळखीचा. दर वर्षी तो तिच्या गाडीला खिळ्यांचे टायर बसवी. या वर्षी जुन्यांचे खिळे झिजले होते, म्हणून तिने नवे घेतले.

"सगळ्यात चांगले घातलेत," जॅक सोडत काउको म्हणाला. "पहिले चारपाचशे किलोमीटर जरा हळू चालव, खिळे बसू देत. बाकी केंद्राच्या गाड्या काल पाहिल्या मी. डोळ्यांवर विश्वास बसेना. कुठल्या शहाण्याने निवडले गं ते?"

"समिती होती."

"म्हणजे शहाणे बरेच होते." तो हात पुसत उभा राहिला. "तुला नाही विचारलं? तुला विचारलं असतं तर..." तिच्या तोंडाकडे बघून त्याने वाक्य सोडून दिलं. मग पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे गेला. तिचे टायर काय मजबूत आहेत ते मात्र जाता जाता पुन्हा एकदा सांगून गेला, आणि तेच तिला जास्त लागलं.

नोव्हेंबर चांगला गेला. उणे बारा, उणे पंधरा. बर्फ पायाखाली करकरत होता, रस्ता पांढरा आणि कोरडा. त्या थंडीत बर्फ खडबडीत असतो, कुठलंही चाक त्याला धरतं. योन्ना म्हणायची, गाडी इतकी शांत चालते की रेडिओ ऐकता येतो. यार्कोने सगळ्या केंद्रांना पत्र पाठवलं, की नव्या टायरांबद्दल एकही तक्रार नाही. मार्केता ते पत्र वाचून सूचनाफलकावर लावून आली. आपण उगाच जीव खाल्ला, असं ती स्वतःला सांगू लागली. रात्री झोपही लागू लागली.

डिसेंबरच्या मध्यावर थंडी मोडली. रात्रीतून पारा शून्यावर दोन गेला आणि पाऊस लागला. सकाळी मार्केता दाराबाहेर आली तर अंगण काचेसारखं, वर पाण्याचा पातळ थर. गावात खडीची गाडी दोनदा फिरून गेली होती, तरी ती केंद्राची गाडी घेऊन म्हाताऱ्याच्या चालीने गेली. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. योन्ना.

"मी डोंगराच्या पायथ्याशी थांबलेय. खडीची गाडी इथे अकराशिवाय येणार नाही म्हणतात. वळणावर गाडी दोनदा आडवी झाली गं. जाऊ का?"

पलीकडे उतारानंतर लेम्पी आजींचं घर. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, सकाळचं इन्सुलिन नऊच्या आत.

मार्केता 'थांब' म्हणू शकत होती. केंद्रात ती सगळ्यात जुनी होती, तिने थांब म्हटलं असतं तर पुढचं तिने निस्तरलं असतं. अँब्युलन्सला कळवता आलं असतं, शेजारच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर काढायला सांगता आलं असतं. पण थांब म्हणायचं म्हणजे, हे टायर चालत नाहीत असं म्हणायचं.

"आजी उपाशी बसल्या असतील," ती म्हणाली. "पहिल्या गिअरमध्ये उतर. ब्रेकला हात... पाय लावू नकोस. सावकाश जा."

"बरं. तू सांगतेस तर जाते."

योन्ना सावकाशच गेली. नंतर पोलिसांनी बर्फावर चाकांच्या खुणा शोधल्या. पण पावसाने त्या धुऊन टाकल्या होत्या. उताराच्या मध्यावर गाडी घसरली, ती घसरतच गेली. पाय ब्रेकवर असो वा नसो, सारखंच होतं. तळ्याकाठच्या बर्चच्या झाडावर ती दरवाजाच्या बाजूने आदळली. योन्नाचं ओटीपोटाचं हाड तीन ठिकाणी मोडलं, मांडीचं एका. अकराच्या पुढे खडीच्या गाडीवाल्याला ती दिसली. तोवर ती शुद्धीवर होती आणि हॉर्न वाजवत होती. तिथे हॉर्न ऐकायला एकट्या लेम्पी आजी, आणि त्यांना ऐकू कमी यायचं.

चौकशी फेब्रुवारीत झाली. यार्को हसतमुख नव्हता, पण शांत होता. टायर कायद्याने मान्य होते. रबरावरच्या खाचा नव्या होत्या, झिजलेल्या नव्हत्या. निवड कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीच्या संमतीने, एकमताने झाली होती.

"मी विरोध केला होता," मार्केता म्हणाली. "ओल्या बर्फाबद्दल मी बोलले होते. तक्ता मीच काढायला लावला."

"चर्चा झाली, बरोबर आहे," यार्को मान हलवत म्हणाला. "आणि चर्चेअंती तू सही केलीस. मार्केता, तुला एवढं वाटत होतं तर तू करायची नव्हतीस. मी तुझा हात धरला होता का?"

नव्हता धरला. खोलीत पाच माणसं तिच्याकडे बघत होती. गावातल्या फेरीचं ती आता बोलली असती, तर निदान त्याचं तोंड उतरलं असतं. पण मग स्वतःचंही उतरलं असतं.

अहवालाच्या शेवटी एक ओळ होती: वाहनाचा वेग रस्त्याच्या परिस्थितीला साजेसा नव्हता. म्हणजे चूक योन्नाची. गावच्या वर्तमानपत्राने तेवढीच ओळ उचलली.

मार्केता तिला भेटायला गेली तेव्हा मार्च होता. घरी आणलं होतं तिला; खिडकीशी खाट, शेजारी चालण्याची चौकट. मार्केताने राय धान्याची भाकरी आणली होती, स्वतः भाजलेली, आणि लिंगनबेरीचा मुरंबा. योन्नाने ते टेबलावर ठेवायला सांगितलं.

"दुखतं का फार?"

"रात्री."

"चालशील तू. वसंतात बघ..."

"डॉक्टर म्हणाले काठी कायमची. गाडी चालवता येईल की नाही, ते मला सांगता येणार नाही म्हणाले. म्हणजे नाही." योन्ना खिडकीबाहेर बघत होती. "काउको आला होता परवा. सहज बोलून गेला बिचारा, त्याला वाटलं मला माहीत असेल. केंद्राच्या गाड्यांना हे टायर लागले, त्याच आठवड्यात तुझ्या गाडीला नवे खिळे घातले म्हणे."

मार्केताने खुर्चीची पाठ धरली.

"मग मी कार्यालयात फोन करून इतिवृत्त मागवलं. माझा हक्क आहे तो. तारीख बघितली. मग गावातली फेरी तुला दिल्याच्या पत्राची तारीख बघितली. एकच आठवडा."

"योन्ना, तसं काही ठरलं नव्हतं. त्याने नुसतं गुडघ्याचं विचारलं..."

"मी काही विचारलंय का तुला?"

"मी सांगायला हवं होतं."

"मी पायथ्याशी थांबले होते गं." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मला वळायचं होतं. मी तुला विचारलं. तुझ्यावर सोडलं सगळं. त्या यार्कोने सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर फोन आपटून घरी गेले असते."

आतून मुलीचा आवाज आला. योन्नाने डोळे पुसले आणि अगदी वेगळ्या सुरात म्हणाली, "आता तुम्ही या. मला व्यायाम करायचाय."

त्या मुलखात कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, साहेबालासुद्धा नाही. मार्केताला क्षणभर कळलंच नाही की हे आपल्याला म्हटलं. मग तिने कोट घातला, बूट चढवले, आणि जाता जाता मुरंब्याची बाटली उगाच सरळ केली.

त्याच महिन्यात तिने मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. फेरीचं, नख न रुतल्याचं, पायथ्यावरून आलेल्या फोनचं. योन्नाचा वेग कमीच होता, आपणच तिला पुढे पाठवलं, असंही. उत्तर पाच आठवड्यांनी आलं. पत्र मिळालं, प्रकरण बंद झालेलं आहे, मनावर ताण असल्यास समुपदेशकाचा क्रमांक खाली दिला आहे. वर्तमानपत्रालाही तिने एक प्रत पाठवली होती. त्यांनी ती छापली नाही. कार्यालयाच्या नावाचा प्रश्न येतो म्हणाले.

पुढल्या ऑक्टोबरात केंद्राच्या सगळ्या गाड्यांना खिळे आले. सोबत यार्कोच्या जागी आलेल्या नव्या बाईचं पत्र, की आम्ही कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकतो. यार्को वरच्या पदावर गेला होता. योन्ना केंद्रात फोनवर बसू लागली होती. फेऱ्यांच्या याद्या आता तीच करायची आणि मार्केताची यादी टेबलाच्या कडेला उलटी ठेवायची.

हेतावाराला जायला कुणी तयार नव्हतं. मार्केताने मागून घेतलं. डॉक्टरने गुडघ्याबद्दल कागद दिला होता, तो तिने कुणाला दाखवला नाही. नव्या बाईला बरंच वाटलं. योन्नाने यादीत नाव बदललं आणि यादी उलटी ठेवली.

रस्त्यावर आता कामही फार उरलं नव्हतं. अपघातानंतर हेतावाराला पाठवायला माणूस नाही म्हणून लेम्पी आजींना वृद्धाश्रमात हलवलं होतं, त्यांचं घर बंद. उतार संपल्यावर डावीकडे ते दिसे, धुराड्यावर बर्फ साचलेला. पुढे एकच घर उरलं होतं, आर्मास नावाच्या एका विधुराचं. रक्तदाब आणि पायाची जखम.

नोव्हेंबरच्या पहिल्या ओल्या दिवशी ती तिथे पोचली. खिळे बर्फ करकरा चावत होते, गाडी कुठेही घसरली नव्हती. आर्मासने कॉफी तयार ठेवली होती.

"तू आलीस ते बरं झालं," बाही वर सरकवत तो म्हणाला. "तुझ्या हातात गाडी असली की काळजी नाही. ती पोरगी भलतीच जोरात हाकायची म्हणे. तरण्या लोकांना दम नसतो."

"जोरात नव्हती हाकत," मार्केता म्हणाली. "ती सावकाश चालली होती, आर्मास. टायर खराब होते. ते मी निवडले होते. आणि तिला जा म्हणूनही मीच सांगितलं."

आर्मास समजूत घालावी तसा तिच्या मनगटावर थोपटून म्हणाला, "तू चांगल्या मनाची आहेस. लेकरासारखी होती ती तुला. पण पेपरात आलं होतं ना, मी स्वतः वाचलंय."

आणि त्याने दंड तिच्यापुढे धरला. मार्केताने पट्टा गुंडाळला आणि हवा भरायला लागली.